खाली उतरायला ब्रेक मारायचा, मग वेग वाढतो कसा?

या वेळी आलेलं पत्र जरा कापून देतोय:

"सर, मी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, मार्क चांगले होते. ग्रॅव्हिटेशनचा चॅप्टर सुरू झाल्यापासून सॅटेलाइटची गणितं येतच नाहीयेत. वहीच्या मागच्या पानावर १७ फॉर्म्युले लिहिलेत, सगळे पाठ आहेत, पण गणित समोर आलं की कुठला लावायचा कळत नाही आणि लावला तर उत्तर भलतंच येतं. युनिट टेस्टला २५ पैकी ७ मिळाले. क्लासमध्ये मी विचारलं की खालच्या कक्षेत वेग जास्त असतो, तर मग खाली यायला यान ब्रेक का मारतं? सगळे हसले, सर म्हणाले परीक्षेला येत नाही, पुढे चल. बाबा म्हणतात अजून वेळ गेलेली नाही, कॉमर्स घे. मला सायन्स सोडायचं नाहीये. मी ढ आहे का? तीन गणितांचे फोटो पाठवतेय."

हे बघ, आधी ढ असण्याचं बोलून घेऊ. तू क्लासमध्ये विचारलास तो प्रश्न अख्ख्या चॅप्टरमधला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं आणि हा प्रश्न आपणहून विचारणारी मुलं मला दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकीच भेटली. जे हसले त्यांना उत्तर येत होतं म्हणून हसले असं मला अजिबात वाटत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर देणारच आहे पण शेवटी, कारण तुझी तीन गणितं नीट उलगडली की ते उत्तर अर्धं तुझं तुलाच सापडेल.

फोटो मोठा करून एकेक ओळ वाचली. पहिलं गणित असं, की पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ४०० किमी उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग काढा. तू फॉर्म्युला बरोबर निवडलायस, जीएम (गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक जी गुणिले पृथ्वीचं वस्तुमान) भागिले आर आणि त्याचं वर्गमूळ. किलोमीटरचे मीटरही केलेस. फक्त आरच्या जागी ४०० किमी टाकलेस आणि उत्तर आलं ३१,६२३ मीटर प्रति सेकंद, त्याच्याखाली दोन रेघा. आता तुझ्याच सतरा फॉर्म्युल्यांच्या पानावर मुक्तिवेग लिहिलाय, म्हणजे पृथ्वीची ओढ सोडून कायमचं निघून जायला लागणारा वेग, ११.२ किमी प्रति सेकंद. म्हणजे तुझा उपग्रह मुक्तिवेगाच्या जवळपास तिप्पट वेगाने चाललाय, तो कक्षेत राहीलच कसा, तो केव्हाच पृथ्वी सोडून गेला असता. हे तुला माहीत होतं, पण दोन रेघा मारायच्या आधी उत्तराकडे एकदा मान वर करून बघायची सवय तुला कुणी लावली नाही.

आर म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर. पृथ्वी ओढते ती जणू तिचं सगळं वस्तुमान केंद्रात गोळा झाल्यासारखी ओढते, म्हणून मोजायचं ते केंद्रापासून. ६४०० अधिक ४००, झाले ६८०० किमी. जीएमची किंमत साधारण ४ गुणिले १० चा १४वा घात, ही एकदाच लक्षात ठेव (विसरलीस तर ९.८ गुणिले पृथ्वीच्या त्रिज्येचा वर्ग कर, तीच येते). भागाकार करून वर्गमूळ काढलं की ७,६७० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ७.६७ किमी. परीघ भागिले वेग केलं की ५,५७० सेकंद, म्हणजे जवळजवळ ९३ मिनिटं. हा आकडा पुस्तकातला नाहीये फक्त, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण याच उंचीवर आहे आणि ते खरंच दर ९३ मिनिटांनी पृथ्वीला एक फेरी मारतं. तुमच्या गावाकडे आकाश अजून काळं असेल, एखाद्या दिवशी संध्याकाळी ते जाणार असेल तेव्हा गच्चीवर जाऊन बघ. न लुकलुकणारा एक झगझगीत ठिपका पश्चिमेकडून निघतो आणि चार-पाच मिनिटांत आकाश पार करून जातो. तेव्हा मनात म्हणायचं, सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर, आणि हे मी वहीत काढलंय.

आता एक गंमत माझ्या लक्षात आली ती सांगतो. पहिल्या गणितात इंग्रजीत लिहिलं होतं 'ॲट ॲन अल्टिट्यूड ऑफ ४०० किलोमीटर्स' आणि तिथे तू ६४०० मिळवायला विसरलीस. तिसरं गणित तू मराठीत उतरवून घेतलंयस, 'पृष्ठभागापासून उंची' असं, आणि तिथे ६४०० बरोब्बर मिळवलेस, दोन्ही वेळा. म्हणजे फिजिक्स कच्चं नाहीये गं, वाक्य वाचताना पाय घसरतोय. मराठी मीडियममधून आलेल्या खूप मुलांचं हे होतं आणि त्यांना वाटत राहतं की आपल्याला विषयच जमत नाही. तर या वर्षभर एक कर, गणित वाचलं की पहिल्यांदा ते मराठीत एका ओळीत स्वतःला सांग आणि लगेच चित्र काढ. एक गोल म्हणजे पृथ्वी, मधे ठिपका म्हणजे केंद्र, बाहेर उपग्रह, आणि केंद्रापासून उपग्रहापर्यंत एक रेघ. त्या रेघेवर आकडा लिहिल्याशिवाय फॉर्म्युल्याला हात लावायचा नाही. उत्तर इंग्रजीत लिही, हरकत नाही, विचार कुठल्या भाषेत करायचा हे परीक्षा ठरवत नाही.

दुसरं गणित भूस्थिर उपग्रहाचं, म्हणजे पृथ्वीबरोबरच एका दिवसात एक फेरी मारणारा, म्हणून आकाशात एकाच जागी दिसणारा. इथे तू आवर्तकाल (एका फेरीला लागणारा वेळ) २४ टाकलास, तासांचे सेकंद केले नाहीस, म्हणून केंद्रापासूनचं अंतर १८० किमी आलं. म्हणजे पृथ्वीच्या पोटातच फिरतोय तो. २४ तासांचे ८६,४०० सेकंद करून केलंस की बरोबर येईल, करून बघ. पण मला तुला दुसरा रस्ता दाखवायचाय कारण तो इतका सुंदर आहे की मी दरवर्षी फळ्यावर तो लिहिताना खूश व्हायचो.

पृथ्वीभोवती आणखी एक गोष्ट फिरते जिचं अंतर आणि आवर्तकाल दोन्ही तुला माहीत आहेत. चंद्र. ३ लाख ८४ हजार किमी, आणि २७.३ दिवस. केप्लरचा तिसरा नियम काय सांगतो, एकाच वस्तूभोवती फिरणाऱ्या सगळ्यांसाठी आवर्तकालाचा वर्ग आणि अंतराचा घन यांचं प्रमाण सारखंच. चंद्राला लागतात २७ दिवस, आपल्या उपग्रहाला लागायला हवा १ दिवस. काळ २७ पट कमी. २७ चं घनमूळ ३, त्याचा वर्ग ९. म्हणजे अंतर ९ पट कमी! ३,८४,००० भागिले ९, साधारण ४२,७०० किमी. खरा आकडा आहे ४२,१६४. ना जी, ना पृथ्वीचं वस्तुमान, ना कॅल्क्युलेटर, आणि उत्तर एक-दीड टक्क्याच्या आत. त्यातून पृथ्वीची त्रिज्या वजा केली की पृष्ठभागापासून उंची ३६ हजार किमीच्या आसपास, घरावरच्या डिशचं तोंड ज्या उपग्रहाकडे असतं तो एवढ्या उंचीवर आहे. गुणोत्तराने सुटणारं गणित दिसलं की कधीही मोठमोठे घात घेऊन आकडेमोड करत बसू नकोस, चुका तिथेच होतात.

तिसरं गणित सगळ्यात महत्त्वाचं, इथे जरा थांब आणि पेन्सिल घे. चांद्रयान-३ चं १४ जुलै २०२३ ला उड्डाण झालं तेव्हा रॉकेटने त्याला सोडलं ते लांबट कक्षेत, जवळचं टोक पृष्ठभागापासून १७० किमी आणि लांबचं ३६,५०० किमी. गणितात जवळच्या टोकाचा वेग १०.३ किमी प्रति सेकंद दिलाय आणि लांबच्या टोकाचा विचारलाय. तू अंतरं बरोबर काढलीस, ६,५७० आणि ४२,९०० किमी. मग लांबच्या टोकाला तोच वर्गमूळवाला फॉर्म्युला लावलास आणि ३.०५ आलं. आकडेमोड अचूक आहे पण तो फॉर्म्युला तिथे चालत नाही.

का चालत नाही? कारण तो आला कुठून हे बघ. गुरुत्वाकर्षणाचं बल हेच नेमकं वर्तुळात फिरवायला लागणारं अभिकेंद्री बल, असं मांडून तो काढलाय. म्हणजे तो फक्त वर्तुळाचा आहे. लंबवर्तुळात यान कधी केंद्राच्या जवळ येत असतं कधी लांब जात असतं, तिथे ते समीकरण मांडताच येत नाही. हे केप्लरलासुद्धा सहज सुचलेलं नाही बरं का, मंगळाची कक्षा वर्तुळ धरून त्याने अफाट आकडेमोड केली, आणि खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी ताडून बघितलं तर फक्त ८ मिनिटांचा फरक येत होता, कोनाच्या मिनिटांचा, पौर्णिमेचा चंद्र जेवढा दिसतो त्याच्या साधारण पाव भाग. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता चालतंय. त्याने सगळं रद्द केलं, पुन्हा सुरुवात केली, आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडलं.

तर लंबवर्तुळात काय टिकतं? कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा संवेग, टिकतो. दोन्ही टोकांना वेग केंद्रापासून यानापर्यंतच्या रेघेला काटकोनात असतो म्हणून तिथे साधं होतं, वेग गुणिले अंतर दोन्हीकडे सारखं. १०.३ गुणिले ६,५७० भागिले ४२,९००, उत्तर साधारण १.५८. संपलं, एका ओळीचं गणित.

पण मला तुझं चुकलेलं ३.०५ फार आवडलं, ते खोडू नकोस. ३.०५ म्हणजे काय, त्या उंचीवर गोल फिरत राहायला लागणारा वेग. यानाकडे तिथे आहे किती, फक्त १.५८. म्हणजे निम्म्याच्या आसपास. त्याला तिथे टिकून राहता येत नाही, म्हणून ते परत पृथ्वीकडे पडायला लागतं, आणि पडता पडता वेग वाढत वाढत जवळच्या टोकाला १०.३ होतो. तिथे गोल फिरायला ७.८ पुरला असता, याच्याकडे जास्त आहे, म्हणून ते पुन्हा बाहेर फेकलं जातं. आलं लक्षात? दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेस की कक्षेचा आकारच दिसायला लागतो.

आणि आता तुझा प्रश्न.

कक्षेत असणं म्हणजे सतत पडत राहणं, हे आधी पक्कं कर. सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. पृथ्वी गोल आहे, आडवं ८ किमी गेलं की जमीन साधारण ५ मीटरने खाली वळलेली असते. म्हणून हवा नसती आणि तू एखादा दगड सेकंदाला ८ किमीच्या जरा आत आडवा फेकलास, तर तो जेवढा पडेल तेवढीच जमीनही खाली गेलेली असेल, तो पडतच राहील आणि कधीच टेकणार नाही. गोफणीतल्या दगडाला दोरी धरून ठेवते, इथे दोरीच्या जागी गुरुत्वाकर्षण.

आता समज भूस्थिर कक्षेत एक यान आहे, वेग ३.०७, आणि त्याला ४०० किमीवर आणायचंय जिथे वेग ७.६७ लागतो. तुझं म्हणणं, वेग वाढवायचाय तर ब्रेक कशाला. हिशोब बघ. वर असताना इंजिन उलट्या दिशेने चालवून वेग ३.०७ वरून १.६२ वर आणायचा. त्या क्षणी वेग खरोखरच कमी होतो, यात काही जादू नाही. पण आता त्या उंचीवर टिकायला लागतो तेवढा वेग त्याच्याकडे राहिला नाही, म्हणून ते आत पडायला लागतं, अगदी चांद्रयानाच्या लांबच्या टोकासारखं. सव्वापाच तास पडत पडत ते पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला ४०० किमीपर्यंत पोचतं तेव्हा वेग झालेला असतो १०.०७. एवढा वेग घेऊन ते तिथे थांबणार नाही, परत वर जाईल. म्हणून तिथे दुसऱ्यांदा ब्रेक, १०.०७ वरून ७.६७. दोनदा ब्रेक मारला, आणि शेवटी वेग आधीपेक्षा अडीच पट. वेग इंजिनाने दिला नाही, पडण्याने दिला.

ऊर्जेच्या भाषेत हेच आणखी स्वच्छ दिसतं. वर्तुळाकार कक्षेत स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे असलेली) ही गतिज ऊर्जेच्या (वेगामुळे असलेल्या) दुप्पट, पण ऋण. म्हणून खालच्या कक्षेत जाताना स्थितिज ऊर्जेचे दोन रुपये मोडले तर एक रुपया वेगाच्या खात्यात जमा होतो आणि एक रुपया बाहेर जावाच लागतो. तो बाहेर काढायचं काम ब्रेक करतो. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांच्या बाबतीत हे काम विरळ हवा आपोआप करते, हवेने अडवलेला उपग्रह हळूहळू खाली येतो आणि येताना त्याचा वेग वाढतो. अडवल्यामुळे वेग वाढला! तू हसू नकोस मात्र, तुझ्या प्रश्नातलं मर्म हेच आहे.

आणि या गोष्टीने कुणाकुणाला चकवलंय ते ऐक. ३ जून १९६५, अमेरिकेचं जेमिनी ४ यान कक्षेत पोचलं, कमांडर जेम्स मॅकडिव्हिट, सोबत एड व्हाइट. त्यांना वर घेऊन आलेल्या टायटन रॉकेटचा रिकामा टप्पा जवळच तरंगत होता आणि त्याच्याजवळ जायचा प्रयत्न करायचा होता. मॅकडिव्हिटने कुठल्याही चांगल्या पायलटने केलं असतं तेच केलं, नाक त्याच्याकडे केलं आणि इंजिन चालवलं. जवळ जायच्या ऐवजी ते लांबच जात राहिले, इंधन संपत चाललं, शेवटी नाद सोडावा लागला. पुढच्याला गाठायला वेग वाढवलास की कक्षा मोठी होते, मोठ्या कक्षेत फेरीला वेळ जास्त लागतो, आणि तू मागे पडतेस. गाठायचं असेल तर आधी खालच्या कक्षेत जायचं, तिथे फेरी लवकर होते, आणि मग योग्य वेळी वर यायचं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला जेमिनी ६ए असंच खालून येत जेमिनी ७ ला भेटलं, अगदी फूटभर अंतरापर्यंत. आपल्या इस्रोने १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्सचे दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले, हे करणारा भारत चौथा देश, आणि त्यामागे हेच गणित आहे जे तुला परीक्षेला येत नाही म्हणून सांगितलं गेलं.

तुझ्या क्लासच्या सरांवर राग धरू नकोस. बॅच मोठी असते, पोर्शन संपवायचा असतो, मधेच असा प्रश्न आला की माणूस पुढे चल म्हणून जातो, मीही एकेकाळी म्हणालोय आणि त्याचं मला वाईट वाटतं. क्लास सुटल्यावर वही घेऊन एकटी जा आणि हे दोनदा ब्रेकचं चित्र दाखव, बहुतेक ते थांबून बोलतील.

त्या सतरा फॉर्म्युल्यांचं पान मात्र फाडून टाक, खरंच सांगतोय. कोऱ्या पानावर दोनच गोष्टी लिही: वर्तुळाकार कक्षेसाठी गुरुत्वाकर्षणाचं बल बरोबर अभिकेंद्री बल, आणि सगळ्या कक्षांसाठी एकूण ऊर्जा आणि कोनीय संवेग टिकतात. मग रोज एकदा, आठ दिवस, पुस्तक न बघता त्यातून वेग काढ, आवर्तकाल काढ, केप्लरचा तिसरा नियम काढ, मुक्तिवेग काढ (७.९ ला २ च्या वर्गमूळाने गुणलं की ११.२ येतात, बघ येतात का). पहिल्या दिवशी तासभर लागेल, आठव्या दिवशी दहा मिनिटं. त्यानंतर कुठला फॉर्म्युला लावू हा प्रश्न पडणार नाही कारण तुला प्रत्येकाचं घर माहीत असेल. आणि उत्तर आलं की ओळखीच्या आकड्यांशी ताडून बघायचं, जमिनीलगत ७.९ आणि ८४ मिनिटं, भूस्थिर ३.०७ आणि एक दिवस, चंद्र जवळपास १ आणि २७.३ दिवस. पृथ्वीभोवती गोल फिरणारी कुठलीही गोष्ट ७.९ च्या वर जाऊच शकत नाही.

बाबांचं. त्यांना तुझी काळजी आहे, ७ मार्क बघून कुठल्याही बापाला वाटेल. कॉमर्स वाईट नाही, आवडत असेल तर जरूर घ्यावं, पण तुला आवडत नाही आणि तू फक्त तीन चुकांमुळे जायला निघालीयस. त्यांच्याशी वाद घालू नकोस. पेपर घेऊन बस, प्रत्येक चुकीपुढे लाल पेनने कारण लिही, उंची मिळवली नाही, सेकंद केले नाहीत, वर्तुळाचा फॉर्म्युला लंबवर्तुळाला लावला. मग त्यांना दाखव आणि पहिल्या सहामाहीपर्यंत वेळ माग. कारण लिहिलेली चूक बघितली की मोठी माणसंही शांत होतात, मी पालकांच्या मीटिंगला हे खूपदा बघितलंय. सहामाहीनंतरही तुलाच वाटलं की नाही जमत, तर तेव्हा मला परत लिही, तेव्हा वेगळं बोलू.

तोवर एक गणित देतो. ४ ऑक्टोबर १९५७ ला गेलेला स्पुटनिक, माणसाने कक्षेत सोडलेला पहिला उपग्रह, साधारण ९६ मिनिटांत एक फेरी मारायचा. अवकाश स्थानकाचे ६८०० किमी आणि ९३ मिनिटं वापरून, गुणोत्तराने, त्याचं केंद्रापासूनचं सरासरी अंतर काढ. त्याची कक्षा लांबट होती, जवळचं टोक २१५ किमी उंचीवर आणि लांबचं ९३९. तुझ्या उत्तरातून ६४०० वजा कर आणि या दोन टोकांच्या सरासरीशी ताडून बघ किती जवळ येतं. चित्रासकट फोटो पाठव, चुकलं असेल तरी खोडू नकोस.